कॅलेंडरमधले कोरे चौकोन

ओपीडीत कुणी जाड फाइल घेऊन आलं की मी ती आधी टेबलाच्या कडेला सरकवतो. वाचायची नाही असं नाही, पण फाइल आधी वाचली की समोरचं माणूस नीट ऐकू येत नाही. या बाईंची फाइल चांगली चार बोटं जाड होती. वय ३९, एका कंपनीच्या हिशेब विभागात वरिष्ठ पदावर, १२ वर्षांचा मुलगा, सोबत नवरा. फाइलमध्ये मेंदूचा एक सीटी स्कॅन, दोन एमआरआय, सायनसचा एक्स-रे, दोनदा बदललेला चष्म्याचा नंबर, मानेच्या फिजिओथेरपीचे कागद आणि अँटिबायोटिकच्या तीन कोर्सच्या चिठ्ठ्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल.

"सगळं नॉर्मल आहे म्हणतात. मग मला दुखतं ते काय नाटक आहे का?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि एकसारख्या दोन प्रकरणांतले धागे इथे एकत्र घेतले आहेत. औषधांची निवड या रुग्णापुरती आहे, ती वाचून कुणी स्वतःवर प्रयोग करू नये.)

आधीची हकिकत

डोकेदुखी सोळाव्या वर्षापासूनची. बहुतेक वेळा पाळीच्या एक-दोन दिवस आधी, महिन्यातून एखाद-दोनदा. उजव्या कानशिलावर ठणका सुरू व्हायचा, जिना चढला की प्रत्येक पायरीला एक ठोका पडायचा. उजेड नको, आवाज नको, पोटात ढवळायचं. एकदा उलटी झाली की जरा हलकं वाटून झोप लागायची. दुसऱ्या दिवशी अंग पिळून काढल्यासारखं व्हायचं, पण डोकं शांत असायचं. त्यांच्या आईलाही हेच. दार लावून, डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडलेली आई त्यांना लख्ख आठवते.

एवढ्यावर मायग्रेनचं निदान जवळजवळ होतंच. आंतरराष्ट्रीय निकष तरी याहून वेगळं काय मागतात? असे किमान ५ झटके, उपचार न केल्यास ४ ते ७२ तास टिकणारे. एका बाजूला दुखणं, ठणकणं, मध्यम ते तीव्र वेदना आणि हालचालीने वाढणं, या चारांपैकी कोणतीही दोन लक्षणं. शिवाय मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही असह्य होणं. या निदानाला रक्ताची तपासणी नाही की स्कॅन नाही, ते कानांनीच करायचं असतं.

तरीही ते या बाईंना वीसेक वर्षं कुणी ठामपणे सांगितलं नव्हतं. एका डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना दुखतं म्हणून मायग्रेन नाकारला होता. याला आपला शब्दही थोडा जबाबदार आहे. सुश्रुतसंहितेतला अर्धावभेदक, ग्रीकांचा हेमिक्रेनिया (ज्यावरून 'मायग्रेन' आला) आणि आपली अर्धशिशी, तिन्ही शब्द अर्ध्या डोक्यावर अडून बसलेत. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना दुखणारे रुग्ण भरपूर असतात, आणि वर दिलेल्या निकषांत 'एक बाजू' हे चारांतलं एक लक्षण आहे, अट नाही.

दुसऱ्या कुणाला कपाळावर दाब आणि नाक चोंदणं ऐकून सायनस आठवला. हा गैरसमज फार पसरलेला आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणाऱ्या २,९९१ जणांना तपासलं, तर ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या निकषांत बसली. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस चेतली की प्रतिक्रिया म्हणून नाक चोंदतं, डोळ्यांत पाणी येतं. पू नाही, ताप नाही, आणि अँटिबायोटिकने 'बरं वाटलं' म्हणावं तर मायग्रेन तीन दिवसांत आपोआपही थांबतोच.

एक प्रश्न

गेल्या दोन वर्षांत मात्र चित्र बदललं होतं. मी विचारलं, महिन्यातून किती वेळा दुखतं? "चार-पाच वेळा." हे उत्तर खरं होतं आणि निरुपयोगीही. रुग्ण फक्त मोठे झटके मोजतात. बारीकसारीक दुखणं त्यांच्या हिशेबात धरलंच जात नाही.

म्हणून मी उलटा प्रश्न विचारतो. "डोकं आहे याची आठवणही होत नाही, असे दिवस महिन्यात किती?"

त्या गप्प झाल्या. बोटांवर मोजायला लागल्या, मध्येच थांबल्या, नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "पाच असतील. सहा म्हणा." त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले. दोन वर्षं आपलं डोकं जवळजवळ रोज दुखतंय, हे त्यांनी स्वतःलाही तोवर सांगितलं नव्हतं.

पुढचा प्रश्न गोळ्यांचा. "रोज नाही हो घेत मी." हेही मला नेहमी ऐकू येतं, आणि ते खोटं नसतं. गोळी घेतल्याचा क्षण लक्षात राहत नाही, एवढंच. म्हणून गोळ्या किती घेता असं न विचारता स्ट्रिप किती आणता ते विचारायचं. त्यांनी पर्सचा आतला कप्पा उघडला. एक अर्धी स्ट्रिप, एक नवी, आणि एक रिकामी, कडेने दुमडलेली. पॅरासिटामॉल, कॅफिन आणि आणखी एक वेदनाशामक यांची ती एकत्र गोळी होती. महिन्याला तीन स्ट्रिप, म्हणजे ३० गोळ्या. कधी एक, कधी दोन, असं धरून आम्ही हिशेब मांडला तेव्हा महिन्यातले २२ दिवस गोळीचे निघाले. त्यातले कित्येक दिवस तर 'मीटिंग आहे, दुखायला नको' म्हणून आधीच घेतलेल्या गोळीचे.

प्रकरणाची किल्ली इथे होती. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ वेदनाशामकं ठरावीक मर्यादेबाहेर घेतली जातात, तर त्याला औषधाच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी म्हणतात. साधं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांसाठी ही मर्यादा महिन्याला १५ दिवस, तर एकत्र गोळ्या, ट्रिप्टान (मायग्रेनच्या झटक्यावरची खास औषधं), अर्गोटामिन आणि अफूवर्गीय औषधांसाठी १० दिवस. मर्यादा दिवसांची आहे, गोळ्यांच्या संख्येची नाही. एकाच दिवशी तीन गोळ्या घेणाऱ्यापेक्षा रोज अर्धी घेणारा जास्त धोक्यात असतो, हे पटवून द्यायला मला दरवेळी पाच मिनिटं लागतात.

गंमत अशी की हीच गोळी रोज घेणाऱ्या, पण मुळात मायग्रेन नसलेल्या माणसाला, समजा सांधेदुखीवाल्याला, सहसा असं होत नाही. मायग्रेनचा कल असलेल्या मेंदूतच वेदनेचा उंबरा खाली सरकत जातो.

तपासणी, आणि कागदावरची नागमोडी रेघ

बीपी १२४/८०. डोळ्यांच्या पडद्यामागे सूज नाही. चालणं, तोल, हातापायांची ताकद, सगळं ठीक. धोक्याच्या खुणा एकेक करून विचारल्या: क्षणात शिखराला पोचणारी, आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, ताप आणि ताठलेली मान, शुद्ध हरपणं, एका बाजूची कमजोरी, खोकल्याने किंवा आडवं झाल्यावर वाढणारं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, कर्करोगाचा इतिहास. यांतलं काही असतं तर स्कॅन त्याच दिवशी केला असता. एकही नव्हतं, म्हणून तिसरा एमआरआय झाला नाही. नवऱ्याचा चेहरा थोडा पडला. स्कॅन न लिहिणारा डॉक्टर कमी काळजी घेतो असं लोकांना वाटतं, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

एक गोष्ट तपासताना दिसली. त्या केसांची क्लिप सैल करून बसल्या होत्या आणि कानातलं काढून पर्समध्ये ठेवलं होतं. विचारल्यावर म्हणाल्या, "दुखायला लागलं की केसांनासुद्धा कंगवा लावता येत नाही, केसच दुखतात." केस अर्थातच दुखत नाहीत. झटका पुढे सरकला की मेंदूतली वेदनेची केंद्रं इतकी हळवी होतात की साधा स्पर्शही वेदना म्हणून नोंदला जातो. उपचाराच्या दृष्टीने याला महत्त्व आहे: या टप्प्यानंतर घेतलेली ट्रिप्टानची गोळी पुष्कळदा कमी पडते. गोळी घ्यायची ती त्याआधी.

मग नेहमीचा शेवटचा प्रश्न: दुखण्याआधी डोळ्यांसमोर कधी काही दिसतं? "नाही," म्हणाल्या, आणि जरा थांबून, "म्हणजे... दोनदा झालं होतं. पण ते डोळ्यांचं असेल." मी कोरा कागद पुढे केला. त्यांनी पेनाने एक लहान ठिपका काढला, त्याभोवती अर्धवर्तुळ, आणि अर्धवर्तुळाची कड करवतीच्या दात्यांसारखी. "हे चमकत होतं. आधी मधोमध, मग मोठं होत होत डावीकडे गेलं. मधलं दिसतच नव्हतं. वीसेक मिनिटं. मला वाटलं आता आंधळी होणार. मग ते गेलं आणि डोकं सुरू झालं."

इतकं नेमकं चित्र क्वचित मिळतं. हा ऑरा, म्हणजे दुखणं सुरू होण्याआधी डोळ्यांसमोर येणारा असा खेळ. १९४१ साली कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःला दिसणाऱ्या अशाच आकृतीची वाढ कागदावर नोंदवली आणि गणित करून सांगितलं की मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावं. १९४४ मध्ये ब्राझीलच्या अरिस्टिडिस लिआओंनी सशाच्या मेंदूवर जवळपास त्याच वेगाने पसरणारी लाट दाखवली. ती पुढे सरकते आणि तिच्या मागे पेशी काही मिनिटं गप्प होतात. म्हणून आधी चमक आणि मागोमाग आंधळा डाग. पक्षाघाताच्या झटक्यात सहसा सगळं एकदम जातं. ऑरा ५ मिनिटांहून अधिक वेळ घेत हळूहळू पसरतो आणि सहसा तासाभरात ओसरतो.

हे सगळं मी त्यांना सांगितलं ते 'नाटक आहे का' या पहिल्या वाक्याचं उत्तर म्हणून. एमआरआय मेंदूची बांधणी दाखवतो. मायग्रेनमध्ये बांधणी शाबूत असते, बिघाड चालण्यात असतो. तो रक्तातही पकडता आला आहे: १९९० साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी झटका चालू असताना मानेतल्या शिरेच्या रक्तात सीजीआरपी नावाचं द्रव्य वाढलेलं दाखवलं. त्यातूनच पुढे २०१८ पासून सीजीआरपी रोखणारी इंजेक्शनं वापरात आली, आणि २०२१ मध्ये या दोघांना आणखी दोन शास्त्रज्ञांसह मेंदूसंशोधनाचा 'ब्रेन प्राइझ' मिळाला. बाई ऐकत होत्या. नवरा जास्त लक्ष देऊन ऐकत होता.

ऑरा निघाल्यावर मी औषधांची यादी पुन्हा विचारली, या वेळी 'पाळीसाठी काही?' असं स्पष्ट विचारून. अनियमित पाळीसाठी त्या वर्षभर इस्ट्रोजेन असलेल्या संयुक्त हार्मोन गोळ्या (म्हणजे गर्भनिरोधक गोळ्याच) घेत होत्या. ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये स्ट्रोकचा धोका मुळात थोडा जास्त असतो, तो या गोळ्यांनी आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत अशा स्त्रियांसाठी या गोळ्या चौथ्या, म्हणजे 'वापरू नयेत' या गटात आहेत. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांचा दोष नव्हता. त्या करवतीच्या दात्यांबद्दल बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. त्याच दिवशी त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन केला, गोळ्या थांबल्या आणि इस्ट्रोजेन नसलेला पर्याय ठरला. माझ्या मते या सबंध प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम हे होतं, आणि त्याचा डोकेदुखी कमी होण्याशी संबंध थोडाच होता.

उपचार, आणि माझी एक चूक

ठरलं ते असं. एकत्र गोळी पूर्ण बंद. मोठ्या झटक्याला ट्रिप्टान, पण आठवड्यात दोन दिवसांहून जास्त नाही. त्याआधी छातीत दुखणं, हृदयविकार, बीपी यांची चौकशी, कारण ट्रिप्टान रक्तवाहिन्या आवळतं. ऑरा आला तर तो संपून दुखणं सुरू झाल्यावरच गोळी. सोबत मळमळीचं औषध, कारण झटक्यात जठराची हालचाल मंदावते आणि गिळलेली गोळी पोटातच रेंगाळते.

झटके कमी करण्यासाठी रोजच्या औषधाची निवड सोपी नव्हती. प्रोप्रानोलॉल चांगलं, पण बाईंना दमा. व्हॅलप्रोएट या वयात गर्भाच्या दृष्टीने घातक, टोपिरामेटलाही तोच प्रश्न, आणि गर्भनिरोधक तर आम्ही नुकतंच बदललेलं. झोप तुटक होती, पहाटे तीनला जाग यायची. म्हणून रात्री अमिट्रिप्टिलीन, १० मिलिग्रॅमपासून, हळूहळू २५ पर्यंत. तोंड कोरडं पडेल, पहिला आठवडा सकाळी जड वाटेल, वजन वाढू शकतं, हे आधीच सांगितलं. फरक कळायला दोन ते तीन महिने लागतात हेही. बहुतेक लोक ही औषधं तिसऱ्या आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडतात. बोटुलिनम टॉक्सिन (कपाळापासून खांद्यापर्यंत ३१ ठिकाणी, दर १२ आठवड्यांनी) आणि सीजीआरपीची इंजेक्शनं पुढच्या पायरीसाठी राखून ठेवली.

अतिवापराची गोळी थांबवली की आधी दुखणं वाढतं. जर्मनीतल्या एका जुन्या अभ्यासात हा त्रास ट्रिप्टान सोडणाऱ्यांना सरासरी ४ दिवस, तर साध्या वेदनाशामकांवर असलेल्यांना ९-१० दिवस झाला होता. आम्ही सुट्टीचे दहा दिवस धरून तारीख ठरवली. तिसऱ्या रात्री नवऱ्याचा फोन आला. "ती भिंतीला डोकं टेकून बसलीय. एकच गोळी देऊ का?" मी क्षणभर हो म्हणणार होतो. मग सहज विचारलं, कॉफी किती पितात?

चूक माझी होती. बाई दिवसाला सहा कप कॉफी पीत, ती त्यांनी उत्साहाच्या भरात त्याच दिवशी बंद केली होती. मी कॉफीबद्दल एक शब्दही विचारला नव्हता. गोळीतलं कॅफिन आणि कपातलं कॅफिन दोन्ही एकाच सकाळी गेलं, आणि कॅफिन तुटल्याची डोकेदुखी नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर असते. ठरलेल्या वेळी दोन कप सुरू करायला सांगितले. सकाळी फोन आला की झोप लागली. तेव्हापासून कॉफीचा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारतो.

कॅलेंडर

डायरीची सूचना मी नेहमी देतो आणि ती नेहमी फसते, कारण छापील तक्त्यांत १४ रकाने असतात. या बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःची पद्धत काढली. मोठा झटका म्हणजे पूर्ण फुली, बारीक दुखणं म्हणजे तिरकी रेघ, गोळी म्हणजे कोपऱ्यात ठिपका, आणि काहीच नसेल तर चौकोन कोरा. त्यांचं म्हणणं, कोरा चौकोन सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथे काही लिहायला लागत नाही.

पहिला महिना: कोरे ७, ठिपके ६. दुसरा: कोरे १२. तिसरा: कोरे १८, फुल्या ४. तिसऱ्या महिन्यात कॅलेंडरने आणखी एक गोष्ट दाखवली. फुल्या शनिवारी जास्त होत्या. आठवडाभराचा ताण उतरल्यावर, त्यातही दोन तास जास्त झोपल्यावर, झटका येणं हे मायग्रेनचं ओळखीचं वागणं आहे. औषध न वाढवता शनिवारचा गजर फक्त एका तासाने पुढे ठेवायचा असं ठरलं. एक फुली कमी झाली. तेवढंही चालतं.

चॉकलेटचं प्रकरण इथेच निकालात निघालं. बाईंनी १४ पदार्थ सोडले होते आणि त्यात चॉकलेट पहिलं होतं, कारण 'खाल्लं की हमखास दुखतं'. नवरा हळूच म्हणाला, "दुखायच्या आदल्या दिवशी ही जांभया द्यायला लागते. मान चोळते. आणि मग चॉकलेट शोधते." झटक्याच्या काही तास ते दोन दिवस आधी हा पूर्वरंग असतो: जांभया, मान आखडणं, चिडचिड, काहीतरी खाण्याची ओढ. चॉकलेट झटका आणत नव्हतं. झटकाच चॉकलेट मागत होता. २०१३ मधल्या एका डॅनिश प्रयोगात, लखलखता उजेड किंवा जोराच्या व्यायामाने आपल्याला हमखास झटका येतो असं सांगणाऱ्या २७ जणांना मुद्दाम तेच दिलं, तर ऑरासह झटका आला तिघांना. ट्रिगर नसतातच असं नाही. झोप बुडणं, जेवण चुकणं, पाळी हे पक्के आहेत. पण पदार्थ सोडत जाणारा माणूस शेवटी उपाशी राहतो, आणि उपास हा स्वतःच ट्रिगर आहे. १४ पैकी १३ पदार्थ परत आले. एक त्यांना तसाही आवडत नव्हता.

पाचव्या महिन्यात घसरण झाली. वार्षिक हिशेबाचे दिवस, ठिपके ११. त्या फाइलच काय, कॅलेंडरही न आणता आल्या आणि आधी विषय टाळत राहिल्या. मग मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. मी रागवलो नाही, कारण दोन वर्षांत न दिसलेली गोष्ट या वेळी चार आठवड्यांत दिसली होती. पुढच्या महिन्यात ठिपके ५ वर आले.

नवव्या महिन्याच्या भेटीला त्या एकट्याच आल्या. अमिट्रिप्टिलीन हळूहळू कमी करायचं की आणखी तीन महिने ठेवायचं, हे ठरवायचं होतं. कॅलेंडर टेबलावर उघडलं. शेवटच्या महिन्यात दोन फुल्या, आणि १७ तारखेनंतर सगळे चौकोन कोरे.

"हे कोरे म्हणजे दुखलं नाही म्हणून, की लिहिलं नाही म्हणून?" मी विचारलं.

त्यांनी कॅलेंडर स्वतःकडे वळवून बराच वेळ पाहिलं. "खरं सांगू? लिहायचं लक्षातच राहिलं नाही."

अशी नोंद हिशेबात कशी धरायची ते मला कळेना. मग त्यांनी पर्सचा आतला कप्पा उघडून ट्रिप्टानची स्ट्रिप पुढे ठेवली. मागच्या भेटीनंतर घेतलेली, सहा गोळ्यांची. चार शिल्लक होत्या.